सहावा थर चौथ्याला दिसत नाही

चौदा वर्षांच्या एका मुलाचा टार्मोगॉइफ, म्हणजे पत्त्यांच्या खेळातला एक प्राणी, मी चुकीचा निकाल देऊन मारला. पुढचं सगळं त्यामुळे झालं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली अमेरिकेत निघाला. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितज्ञाने तो रचला. आपल्या मेंढीकोटात पत्ते बावन्न आणि नियम सगळ्यांना सारखे. इथे प्रत्येकजण आपापला गठ्ठा घरून बांधून आणतो, आणि प्रत्येक पत्ता स्वतःचा नियम अंगावर छापून येतो. नियमपुस्तकातला अगदी सुरुवातीचा, १०१.१ क्रमांकाचा नियमच सांगतो की पत्ता आणि पुस्तक यांचं भांडण झालं तर पत्त्याचं खरं धरा. म्हणजे ज्याने नियम केले त्यानेच पहिल्या पानावर ‘माझं ऐकू नका’ असं लिहून ठेवलंय. आजवर वेगवेगळे पत्ते निघाले ते वीस हजारांच्या वर. त्यातले कुठलेही दोन एका टेबलावर येऊ शकतात.

मी हा खेळ शिकलो २०२० च्या लॉकडाउनमध्ये, अरीनावर, म्हणजे कॉम्प्युटरवर. तिथे नियमांची काळजी करावीच लागत नाही. आपण पत्ता टाकायचा, पडद्यावर काहीतरी चमकतं, समोरचा प्राणी मरतो किंवा मरत नाही. का मरला नाही हे विचारायला कोणी नसतं आणि विचारावंसंही वाटत नाही. दोन वर्षं खेळून मला वाटायला लागलं की आपल्याला हा खेळ येतो. मला येत होतं ते बटण दाबायला.

मग आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कागदी पत्त्यांचा ग्रुप जमला. दर शनिवारी संध्याकाळी क्लबहाउसात, कॅरमच्या टेबलाशेजारी. सहा-सात जण. खरे पत्ते महाग, म्हणून अर्धेअधिक गठ्ठे प्रॉक्सीचे: झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढायची, कात्रीने कापायची, साध्या पत्त्यापुढे स्लीव्हमध्ये सरकवायची. दहाच्या ठोक्याला वॉचमनकाका दिवे घालवायला येत. वयाने मी मोठा, शिवाय ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणून ‘नियम याला विचारा’ हे आपोआप ठरून गेलं. मीही नाही म्हटलं नाही.

तर तो शनिवार. सी विंगमधला एक मुलगा, आम्ही त्याला बारक्या म्हणायचो, माझ्या मित्राशी खेळत होता. बारक्याचा टार्मोगॉइफ पुढ्यात होता. या प्राण्याची ताकद ठरलेली नसते. सगळ्यांच्या ग्रेव्हयार्डात, म्हणजे टाकून झालेल्या पत्त्यांच्या ढिगात, जितक्या प्रकारचे पत्ते असतील तितकी त्याची पॉवर, आणि टफनेस त्याहून एक जास्त. त्या वेळी दोघांच्या ढिगांत मिळून फक्त लँड (जमीन) आणि क्रीचर (प्राणी) असे दोन प्रकार होते. म्हणून तो २/३, म्हणजे पॉवर दोन, टफनेस तीन. मित्राने त्यावर लाइटनिंग बोल्ट टाकला: तीन डॅमेज. दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

“तीन डॅमेज, तीन टफनेस. मेला. काढ,” मी म्हणालो. मी तेव्हा वडापाव खात होतो.

बारक्याने पत्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गॉइफ उचलून ढिगात ठेवला. दोन टर्नमध्ये तो हरला.

रात्री भांडी घासताना मला अचानक प्रश्न पडला: बोल्ट कुठे गेला? वापरून झाला म्हणजे तोही ढिगातच जाणार. आणि बोल्ट आहे इन्स्टंट, जो प्रकार ढिगात नव्हता. म्हणजे तो तिथे पोचला की प्रकार तीन, गॉइफ ३/४. पण केव्हा पोचला? गॉइफ मरायच्या आधी की नंतर? हात पुसले आणि फोन उघडला.

उत्तर असं आहे. बोल्टचा परिणाम होताना आधी डॅमेज होतं, पण डॅमेज होणं म्हणजे मरणं नव्हे, ती फक्त नोंद असते. मग बोल्टचं शेवटचं काम म्हणून तो स्वतः ढिगात जातो. आणि हे सगळं आटोपल्यावर, पुढच्या खेळाडूला चाल करायची संधी मिळण्याच्या ऐन आधी, खेळ स्वतःच एकदा टेबलावरून नजर फिरवतो: कोणाचं लाइफ शून्यावर आलं का, कोणाचा टफनेस शून्य झाला का, कोणावर टफनेसइतकं डॅमेज साचलंय का. या नजर फिरवण्याला स्टेट-बेस्ड ॲक्शन्स म्हणतात, नियम ७०४. ती नजर गॉइफवर पडते तेव्हा बोल्ट ढिगात पोचलेला असतो. तीन डॅमेज, चार टफनेस. गॉइफ जिवंत.

ढिगातल्या त्या दोन प्रकारांपैकी एक आधीच इन्स्टंट असता तर माझा निकाल बरोबर ठरला असता. म्हणजे मी कधीमधी बरोबर ठरणारा माणूस होतो, आणि अशा माणसाला नियम विचारण्यात काही अर्थ नसतो.

पुढच्या शनिवारी बारक्याला म्हणालो, “मागच्या वेळी माझं चुकलं रे. तुझा गॉइफ मेला नव्हता.”

“माहीत होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही म्हणालात ना, मेला म्हणून.”

त्याची आई शेजारीच दुसऱ्या मुलाला न्यायला आली होती. तिने कौतुकाने सांगितलं, “मोठ्यांना उलटून बोलत नाही हो तो कधी.” मला ते कौतुक फारच झोंबलं.

त्या आठवड्यात मी कॉम्प्रिहेन्सिव्ह रूल्स उतरवून घेतले. जवळजवळ तीनशे पानं. नवा संच निघाला की नवी आवृत्ती येते, त्यामुळे छापून ठेवण्यात हशील नाही. प्रस्तावनेतच बजावलंय की नवख्याला हे वाचून धडकी भरेल. धडकी भरली नाही, झोप आली. एक गोष्ट मात्र फार आवडली: पोटनियमांना इंग्रजी अक्षरं दिलीत, पण एल आणि ओ ही अक्षरं गाळलीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. ज्याने हे गाळलं तो माणूस माझ्या ऑफिसातल्या कुठल्याही टीममध्ये चालेल असं वाटलं.

पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा नाद मी तिसऱ्या दिवशी सोडला. त्याऐवजी टेबलावर झालेलं प्रत्येक भांडण वहीत लिहायचं आणि घरी येऊन त्याचा नियम शोधायचा, असं सुरू केलं. तेरा-चौदा भांडणं झाल्यावर लक्षात आलं की निम्म्याहून जास्त वेळा कोणी पत्ताच नीट वाचलेला नसतो. चित्र पाहून ओळखतात. मला माहितीये हा काय करतो, असं म्हणतात, आणि तो ते करत नसतो. त्यामुळे मी एकच सक्ती केली. वाद निघाला की पत्ता मोठ्याने वाचायचा, तोही हातातला छापील नव्हे, फोनवर ओरॅकल टेक्स्ट शोधून, कारण जुन्या पत्त्यांची भाषा मागाहून बदलत गेलीय आणि ताजी तीच ग्राह्य.

याची गरज कशी पडते ते न्यू जर्सीहून परत आलेल्या एका काकांनी दाखवून दिलं. कॉलेजात असताना तिकडे खूप खेळलेले, खरे जुने पत्ते बाळगून असलेले, फार सभ्य गृहस्थ. त्यांनी हल्ला केला, माझ्या मित्राने अडवलं, आणि काका म्हणाले, “आता डॅमेज स्टॅकवर ठेवतो, आणि हा प्राणी सॅक्रिफाइस करतो.” म्हणजे त्यांचा प्राणी स्वतःचा बळी देऊन दुसरंच काही करणार आणि त्याचा फटका तरीही बसणार. मित्र म्हणाला, असं नसतंच. काका म्हणाले, मी वर्षानुवर्षं असंच खेळलोय. दोघंही खरं बोलत होते. १९९९ मध्ये सहाव्या आवृत्तीबरोबर स्टॅक आला, म्हणजे एकावर एक रचायचं आणि वरचं आधी सोडवायचं, ताटांच्या थप्पीसारखं. तेव्हापासून लढाईतलं डॅमेजही त्या थप्पीवर जायचं. २००९ मध्ये ते बंद झालं. काका २००५ च्या सुमारास खेळायचे थांबले होते. त्यांच्या डोक्यात २००५ चा कायदा शाबूत होता. त्यांनी ते हसत मान्य केलं, पण पुढचे तीन शनिवार ‘पूर्वी मजा होती’ हे ऐकावं लागलं.

दुसरी गोष्ट शब्दांची. इंग्रजी शब्द सगळ्यांना येतात, म्हणूनच त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही. पत्त्यावर ‘व्हेन’ किंवा ‘व्हेनेव्हर’ असेल तर ती घटना घडून गेल्यावर काहीतरी सुरू होतं, थप्पीवर चढतं, त्याला उत्तर देता येतं. ‘इन्स्टेड’ असेल तर ती घटना घडतच नाही, तिच्या जागी दुसरीच घडते, आणि थप्पीचा प्रश्नच येत नाही. आमच्याकडे रेस्ट इन पीस नावाच्या पत्त्यावरून महिनाभर वाद चालला. तो असताना ढिगात जाणारा कोणताही पत्ता ढिगाऐवजी एक्झाइल होतो, म्हणजे खेळाबाहेर ठेवला जातो. समोरच्याच्या प्राण्यावर लिहिलेलं, हा मेला की दोन पत्ते ओढ. तो म्हणे, मेला तर आहे, दिसतोय की. मी म्हणे, या खेळात मरण म्हणजे पटावरून ढिगात जाणं. तो ढिगात गेलाच नाही, म्हणजे मेला नाही. पटावरही नाही आणि मेलाही नाही, असं कसं? असंच. इथे रोजच्या बोलण्यातला अर्थ आडवा येतो. ‘मरणे’ हा शब्द आपण घरून आणलेला असतो.

पण हे सगळं पायथ्याचं. खरा घाट लागला ब्लड मूनपाशी.

ब्लड मून हा १९९४ चा पत्ता. त्यावर एकच ओळ: नॉनबेसिक (म्हणजे साध्या नसलेल्या) लँड्स माउंटन आहेत. तुम्ही शंभर डॉलरची दोनरंगी जमीन आणलीत, ती आता लाल माती. दुसऱ्या बाजूला अर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ ही एक नॉनबेसिक जमीन. ती म्हणते: प्रत्येक लँड तिच्या बाकीच्या प्रकारांशिवाय स्वॉम्पही आहे. मित्राचा ब्लड मून आधीपासून पटावर. मग बारक्याने अर्बोर्ग टाकली आणि म्हणाला, सगळ्या जमिनी स्वॉम्प, मला काळा माना (पत्ते टाकायला लागणारी, जमिनीतून मिळणारी शक्ती) मिळतो. मित्र म्हणाला, तुझी अर्बोर्गच माउंटन झाली, ती काय बोलणार? बारक्या म्हणाला, माझी नंतर आलीय. दोन पत्ते एकमेकांविरुद्ध बोलले तर नंतरचं चालतं, दादांनीच सांगितलं होतं.

सांगितलं होतं खरं. टाइमस्टॅम्प म्हणतात त्याला. वॉचमनकाका किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात उभे. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी सांगतो.

नियम ६१३ ने माझा तो आठवडा खाल्ला. पत्त्यांचे टिकून राहणारे परिणाम एकाच वेळी लागू होत नाहीत, सात लेयरमध्ये लागू होतात. पहिल्यात नक्कल, दुसऱ्यात ताबा कोणाकडे, तिसऱ्यात मजकुरातले बदल, चौथ्यात पत्त्याचा प्रकार, पाचव्यात रंग, सहाव्यात क्षमता मिळणं-जाणं, सातव्यात पॉवर आणि टफनेस, ज्याचे पुन्हा पोटभाग. दहीहंडीसारखे सात थर, खालून वर चढायचे. एका थरात दोन परिणाम असले तर सहसा आधी आलेला आधी लावायचा, नंतरचा त्यावर, म्हणून नंतरच्याचं चालल्यासारखं दिसतं. पण त्यालाही अपवाद: एक परिणाम लावल्याने दुसऱ्याचं अस्तित्वच जात असेल, किंवा तो कशावर लागतो, काय करतो हे बदलत असेल, तर कोण आधी आला हे पाहायचंच नाही. ज्याच्यावर अवलंबून आहे तो आधी. याला डिपेंडन्सी म्हणतात.

ब्लड मून आणि अर्बोर्ग दोन्ही चौथ्या थरातले. अर्बोर्ग ब्लड मूनचं काही बिघडवू शकत नाही. ब्लड मून मात्र अर्बोर्गला माउंटन करतो, आणि एखाद्या जमिनीचा प्रकार असा बदलला की तिच्यावर छापलेली क्षमता पुसली जाते, हे ३०५.७ मध्ये वेगळं सांगितलंय. म्हणजे अर्बोर्ग ब्लड मूनवर अवलंबून. म्हणून ब्लड मून आधी, मग अर्बोर्गकडे बोलायला तोंडच नाही. बारक्या कितीही नंतर आला तरी.

हे मला वाचून कळलं, पण समजावता येईना. रविवारी आत्याकडे जेवायला गेलो होतो. आत्या निवृत्त संस्कृत शिक्षिका, सदाशिव पेठेत राहते, पत्ते म्हटलं की तिला फक्त चॅलेंज माहीत. मी आपलं रडगाणं गायलो: दोन नियम भांडतात, नंतरचा जिंकतो, पण नेहमी नाही.

ती वरण वाढता वाढता म्हणाली, “विप्रतिषेधे परं कार्यम्.”

“म्हणजे?”

“अष्टाध्यायी, पहिल्या अध्यायाचा चौथा पाद, दुसरं सूत्र. दोन नियमांचा संघर्ष झाला तर नंतरचा करावा. पण तुल्यबळ असतील तर, बरं का. दोघांची ताकद सारखी असेल तेव्हाच आधीचा की नंतरचा हा प्रश्न येतो. अपवाद असेल तर तो कुठेही सांगितलेला असला तरी जिंकतो.”

मी घास तसाच हातात धरून बसलो. फरक आहेच: पाणिनीचं ‘नंतरचं’ म्हणजे सूत्रपाठात नंतरचं, आमचं ‘नंतरचं’ म्हणजे टेबलावर मागाहून पडलेलं. पण भांडण तेच. मी तिला थर सांगितले. चौथ्यात हे, सहाव्यात ते, आणि खालच्या थरात एकदा सुरू झालेली गोष्ट वरच्या थराला मागे जाऊन थांबवता येत नाही.

“पूर्वत्रासिद्धम्,” आत्या म्हणाली. आता ती रंगात आली होती. आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादापासून शेवटपर्यंत जे सांगितलंय ते आधीच्या सगळ्या सूत्रांच्या दृष्टीने घडलेलंच नाही, असं धरायचं. पुढचं मागच्याला दिसत नाही. तिने खरकट्या हातानेच ताटाच्या कडेवर लिहून दाखवलं. मनस् आणि रथ जोडायचे. स् चा र् होतो. आता दोन सूत्रं धावून येतात. एक सहाव्या अध्यायातलं, ते त्या र् चा उ करतं. दुसरं आठव्या अध्यायातलं, ते म्हणतं पुढे र् आहे तर हा र् गाळा. नंतरचं जिंकतं म्हणावं तर आठव्याचं ऐकायला हवं, आणि मग शब्द होईल मनारथ. “पण आठव्यातलं सूत्र सहाव्याच्या लेखी अजून जन्मालाच आलेलं नाही. म्हणून उ होतो, आणि आपण म्हणतो मनोरथ. कळलं? आता ताक घे.”

पुढच्या शनिवारी मी बारक्याला अर्बोर्गचा निकाल सांगितला आणि मनोरथही सांगितला. निकाल त्याने ऐकून घेतला. मनोरथाला तो म्हणाला, “दादा, मला शंभर मार्कांचं संस्कृत आहे, प्लीज शनिवारी नको.”

त्यानंतर मात्र थरांची भीती गेली. ह्युमिलिटी आणि ओपालेसन्स ही जोडी या खेळात वर्षानुवर्षं कुप्रसिद्ध आहे. आम्ही ती मुद्दाम प्रिंट काढून टेबलावर ठेवली, गणिताच्या उदाहरणासारखी. ह्युमिलिटी ही एन्चांटमेंट, म्हणजे पटावर टिकून राहणारा मंत्र, म्हणते, सगळ्या प्राण्यांच्या सगळ्या क्षमता जातात आणि ते १/१ होतात. ओपालेसन्स म्हणते, माझ्याखेरीज, ऑरा या पोटप्रकारातली नसलेली प्रत्येक एन्चांटमेंट प्राणीही आहे, आणि तिची पॉवर व टफनेस तिच्या किमतीइतकी. म्हणजे ह्युमिलिटी स्वतःच प्राणी झाली. मग तिने स्वतःच्याच क्षमता घालवल्या. मग ती घालवणार कशी? बारक्याच्या वर्गमित्राने डोकं धरलं.

खालून चढलं की सुटतं. चौथा थर: ओपालेसन्समुळे ह्युमिलिटी प्राणी होते. सहावा थर: ह्युमिलिटी सगळ्या प्राण्यांच्या क्षमता पुसते, स्वतःचीही. पण एखादा परिणाम एका थरात लागू व्हायला लागला की मधेच त्याची क्षमता गेली तरी पुढच्या थरांत तो लागू होतच राहतो, हेही ६१३ मध्येच आहे. म्हणून सातव्या थरात तिचं १/१ शिल्लक असतं. तिथे ओपालेसन्सचं ‘किमतीइतकी’ आणि ह्युमिलिटीचं ‘१/१’ तुल्यबळ भिडतात, आणि आता पाहायचं नंतर कोण आलं. ह्युमिलिटी नंतर आली असेल तर ती स्वतःही १/१. ओपालेसन्स नंतर आली असेल तर ह्युमिलिटी ४/४, कारण तिची किंमत चार, आणि बाकी साधे प्राणी १/१. वॉचमनकाका त्या दिवशी पाच मिनिटं थांबून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “म्हणजे शेवटी आला त्याचं चालतं.” काका, नेहमी नाही.

एवढं सगळं झाल्यावर माझी जरा मिजास वाढली होती हे कबूल करतो. नियमांचे आकडे मी उगीचच तोंडावर फेकायला लागलो होतो. दुसऱ्या ग्रुपमधले लोक फोनवर प्रश्न पाठवायचे. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली उत्तरं टाइप करायचो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बारक्या आता अकरावीत, माझ्याहून दोन बोटं उंच. खेळणारे आम्ही दोघंच उरलो होतो, तिसरा निर्णायक डाव. माझं लाइफ तीन. त्याच्याकडे मेगस ऑफ द मून: ब्लड मूनचीच ओळ, पण प्राण्याच्या अंगावर. माझ्या पाच जमिनी, त्यातली एक साधी आयलंड, बाकी चार महागड्या आणि म्हणून सगळ्या माउंटन. हातात काउंटरस्पेल, समोरच्याने टाकलेला पत्ता रद्द करणारा, ज्याला दोन निळे माना लागतात. मला निळा एकच मिळत होता. दुसरा पत्ता होता ड्रेस डाउन. फ्लॅश असलेली, म्हणजे समोरच्याच्या टर्नमध्येही टाकता येणारी एन्चांटमेंट: आली की एक पत्ता ओढायचा, आणि ती असेपर्यंत सगळ्या प्राण्यांच्या क्षमता जातात. त्या टर्नच्या शेवटी ती स्वतः जाते.

मी हिशोब केला. याचा टर्न सुरू होताच ड्रेस डाउन टाकायचं. मेगस मुका होईल, जमिनी परत निळ्या होतील, याने बोल्ट मारला तर काउंटरस्पेल. फार सुंदर वाटलं मला ते. त्याच्या अपकीपला, म्हणजे टर्नच्या सुरुवातीलाच, मी आयलंड आणि एक माउंटन टॅप करून (आडव्या करून, म्हणजे वापरून) ड्रेस डाउन टाकलं. एक पत्ता ओढला. बारक्या काहीच बोलला नाही. त्याने आपला पत्ता ओढला, पाहिला, आणि माझ्या पुढ्यात बोल्ट ठेवला.

“तीन. तुम्हाला.”

मी दोन जमिनी टॅप केल्या. “काउंटर...”

आणि बोटं जमिनींवर तशीच राहिली. मेगसची ओळ जमिनींचा प्रकार बदलते. चौथा थर. ड्रेस डाउन क्षमता घालवतं. सहावा थर. मेगसची क्षमता सहाव्या थरात जाते तेव्हा चौथ्यात माझ्या जमिनी माउंटन होऊन बसलेल्या असतात. मेगस मुका झाला खरा, पण बोलून झाल्यावर. आत्याचं ताट डोळ्यांपुढे आलं, कडेवर आमटीने लिहिलेलं.

आजूबाजूला बसलेल्यांपैकी कोणाच्याही चेहऱ्यावर शंका नव्हती. मित्र तर म्हणालाही, “हां, मेगस गेला ना आता, टाक.” 

मी जमिनी सरळ केल्या आणि काउंटरस्पेल हातात परत घेतलं. “नाही होत. अजून माउंटनच आहेत.” 

“का? ड्रेस डाउन आहे की,” मित्र म्हणाला.

मी समजवायला तोंड उघडलं, पण बारक्याच बोलला, पत्ते गोळा करता करता. “चार आधी, सहा नंतर. मला माहीत होतं, तुम्ही अपकीपला टाकलंत तेव्हाच.”

“मग बोलला का नाहीस?”

“ड्रेस डाउन टाकणं चूक नव्हतं ना दादा. नियमात बसत होतं, फक्त उपयोग नव्हता. काउंटरस्पेल टाकलं असतंत तर बोललो असतो.” 

“मला?”

“तुम्हालाच. ६१३.” त्याने गठ्ठा पिसून माझ्यापुढे कापायला ठेवला. “अजून एक? काकांना यायला वीस मिनिटं आहेत.”